आधी सीट, मग पॉइंट

हॉटेलात राहून साठलेले पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलता येतात, हे नोकरीनिमित्त सतत फिरणाऱ्यांना माहीत असतं. घरातलं कुणी परदेशी जायचं ठरलं की पहिला विचार त्या पॉइंटांचाच येतो. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण न्यू जर्सीत व्हायचं होतं आणि आईला तिच्याकडे पाठवायचं होतं. ऑडिटच्या कामासाठी गावोगावच्या हॉटेलांत मी ज्या रात्री काढल्या, त्यांचे पॉइंट खात्यात पडून होते. विमान कंपनीच्या साइटवर माइल्समध्ये मिळणारी एक सीट दिसत होती, तारीखही सोयीची होती. मी पॉइंट पाठवले. हॉटेलच्या खात्यातून ते लगेच वजा झाले, पण विमान कंपनीच्या खात्यात काही जमा होईना.

कारण होतं नाव. हॉटेलचं खातं मी लग्नाआधी, नोकरीला लागले तेव्हा उघडलेलं, त्यात माहेरचं आडनाव. विमान कंपनीचं खातं मात्र पासपोर्टप्रमाणे: माझं नाव, त्याला जोडून नवऱ्याचं नाव, आणि सासरचं आडनाव. दोन्ही खात्यांवरचं नाव सारखं असलं पाहिजे, अशी जवळजवळ प्रत्येक योजनेची अट असते. आपल्याकडे ती फार जणांना अडवते. पुरुषांच्याही पासपोर्टवर पुष्कळदा वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं आणि हॉटेलच्या खात्यात ते नसतं. हॉटेलवाले म्हणत, आमच्याकडून गेले. विमानवाले म्हणत, आमच्याकडे आलेच नाहीत. विवाह नोंदणीचा दाखला आणि पासपोर्टची प्रत दोन्हीकडे पाठवून नाव दुरुस्त होईपर्यंत ती सीट गेली. नंतरच्या तारखांना त्याच प्रवासाला जवळपास दुप्पट माइल्स मागत होते. शेवटी आईचं तिकीट पैसे देऊन, ऐन गर्दीच्या दरात काढलं. आई पोचली तेव्हा बाळ दवाखान्यातून घरी आलेलं होतं. पैशांपेक्षा मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही. बाळंतपणाला आई जवळ हवी होती, नंतर नव्हे.

त्यानंतर मी या सगळ्या योजनांचे नियम नीट वाचले. बदलीचे दर हॉटेलसाखळीगणिक फार वेगळे आहेत, आणि ‘पॉइंट’ या एका शब्दाखाली ते झाकले जातात. मॅरिअट बॉनव्हॉयमध्ये साधारणपणे 3 पॉइंटांना 1 माइल मिळतो. हयातमध्ये 5,000 पॉइंटांचे 2,000. आयएचजीमध्ये बहुतेक ठिकाणी 10,000 चे 2,000, आणि हिल्टनमध्ये बहुतेक विमान कंपन्यांसाठी 10,000 चे अवघे 1,000. हिल्टनचे पॉइंट माइल्समध्ये बदलणं मला कोणत्याच हिशोबात बसताना दिसलं नाही. तिथे ते हॉटेलसाठीच वापरावेत.

मॅरिअटचा दर त्यातल्या त्यात बरा, आणि विमान कंपन्यांची यादीही लांबलचक. एकाच वेळी 60,000 पॉइंट पाठवले तर 20,000 माइल्सवर आणखी 5,000 मिळतात, म्हणजे एकूण 25,000. त्याऐवजी 57,000 पाठवले तर 19,000 च हाती येतात. शेवटच्या 3,000 पॉइंटांनी 6,000 माइल्सचा फरक पडतो! तेच 60,000 दोन वेळा तीस-तीस हजार करून पाठवले तर जादाचे 5,000 बुडाले. म्हणून थोडे पॉइंट कमी पडत असतील तर थांबावं, घरातल्या दुसऱ्या कुणाचे पॉइंट आधी आपल्या खात्यात घ्यावेत. मॅरिअटचा सदस्य दुसऱ्या सदस्याला वर्षाला 1,00,000 पर्यंत पॉइंट देऊ शकतो. हे जादाचे माइल्स सगळ्या विमान कंपन्यांना लागू नाहीत: अमेरिकन, डेल्टा, कोरियन एअर आणि एव्हियान्का यांच्यासाठी ते बंद झाले आहेत. उलट युनायटेडला 60,000 पॉइंट दिले तर 30,000 माइल्स होतात. दर बदलत असतात, म्हणून बटण दाबण्याआधी त्या दिवशीचा तक्ता उघडून पाहावा.

हिशोब एवढ्यावर संपत नाही. तेच 60,000 पॉइंट हॉटेलात किती चालतात, हा खरा प्रश्न. समजा एखाद्या शहरातलं बरं हॉटेल रात्रीला 15,000 पॉइंट घेतं आणि रोख भाडं 8,000 रुपये आहे. बॉनव्हॉयमध्ये सलग पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट लागतात. म्हणजे 60,000 पॉइंटांत पाच रात्री, 40,000 रुपयांचा मुक्काम. दुसऱ्या पारड्यात 25,000 माइल्स. त्यांवर मिळणाऱ्या तिकिटाची किंमत 40,000 च्या वर जाते का? आणि माइल्सचं तिकीट फुकट नसतं. विमानतळाचे कर रोख भरावे लागतात, काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात. ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्या विमानांवर तो चांगलाच जड असतो, युनायटेडच्या माइल्सवर लागत नाही. रोख तिकिटाच्या किमतीतून ही रक्कम वजा केली, की माइल्सनी नेमकं काय वाचवलं ते कळतं. इकॉनॉमीच्या तिकिटात हे गणित बहुधा हॉटेलच्या बाजूने झुकतं, लांबच्या बिझनेस क्लासला कधी कधी माइल्सच्या बाजूने. वयस्कर आईवडिलांना सोळा-सतरा तासांच्या प्रवासात आडवं होता यावं म्हणून कुणी माइल्स घेत असेल, तर मी त्याला नको म्हणणार नाही.

एक भीती अनेकांना घाई करायला लावते: पॉइंटांची मुदत. बॉनव्हॉयचे पॉइंट खात्यावर 24 महिने काहीच हालचाल नसेल तर जातात. मध्ये एखादा मुक्काम झाला की मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये मात्र माइल्स साधारण तीन वर्षांनी संपतात, मधे प्रवास केला तरीही. म्हणजे मुदतीच्या भीतीने पॉइंट तिकडे हलवले, तर जिवंत राहू शकणारी गोष्ट आपण मरणाची तारीख ठरलेल्या जागी नेऊन ठेवतो. विमान कंपनीही कायमची नसते. मुंबईकरांना जेट एअरवेज आठवत असेल. 17 एप्रिल 2019 ला तिचं शेवटचं विमान उडालं, आणि वर्षानुवर्षं जेटसाठी साठवलेल्या माइल्सवर जेटची सीट मिळणं संपलं. विस्ताराच्या प्रवाशांचं तसं झालं नाही, त्यांचे पॉइंट एअर इंडियाकडे गेले, पण ते नशीब प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

बदली उलटी फिरवता येत नाही, म्हणून सगळी तयारी तिच्या आधी करावी. जी सीट हवी ती माइल्समध्ये खरोखर मिळते आहे का, हे विमान कंपनीच्या साइटवर तारखेसकट पाहावं. जोडीला मागच्या-पुढच्या आठवड्यातल्या एक-दोन तारखा हेरून ठेवाव्यात, कारण माइल्स पोचायला कुठे दोन-चार दिवस लागतात, कुठे काही आठवडे. फोन करून सीट धरून ठेवता येते का, तेही विचारावं. तिकीट दुसऱ्याच्या नावाने काढायचं असेल तर त्याचाही नियम पाहावा: क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांपर्यंत नावं आधी नोंदवावी लागतात, आणि ती नोंद पॉइंट पाठवण्यापूर्वीच करून टाकावी. क्रेडिट कार्डाचे पॉइंट असतील आणि बँक ते थेट विमान कंपनीला पाठवू देत असेल, तर मधे हॉटेलचा थांबा घेण्याआधी दोन्ही वाटांनी किती माइल्स होतात ते कागदावर मांडावं. प्रत्येक टप्प्यावर काही ना काही गळतंच.

ज्यांचं लग्नानंतर नाव बदललं आहे त्यांना माझं खास सांगणं आहे. आज कुठेही जायचं नसलं तरी आपली दोन्ही खाती उघडा, पासपोर्ट समोर ठेवा, अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. नाव वेगळं निघालं तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच करा, कागदपत्रं तपासून व्हायला त्यांना वेळ लागतो. आणि आईवडिलांच्या नावाने नवी खाती काढून देणार असाल तर त्यांचाही पासपोर्ट हातात घेऊनच नाव भरा.