विजेरीची जलरोधकता : घरच्या घरी करावयाची परीक्षा

गोमंतकात जून महिन्यात पावसाळ्यास प्रारंभ होतो. वादळी पावसाच्या रात्री वीजप्रवाह खंडित झाला, म्हणजे शेताच्या बांधावर, होडीवर किंवा अंगणाच्या पायरीवर मनुष्यास हातातील विजेरीचाच आधार उरतो. पायाखाली साप आहे की दोरी, हे तिच्याच उजेडात कळावयाचे असते. अशा वेळी आत पाणी शिरून ती विझली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. यास्तव पावसाळ्यापूर्वीच तिची परीक्षा घेणे अगत्याचे आहे.

संकेतांचा अर्थ

वेष्टनावरील 'वॉटरप्रूफ' हा शब्द मोघम असतो. त्याऐवजी आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातील संकेत पाहावा. 'आयपीएक्स ४' म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेल्या पाण्यापासून संरक्षण. 'आयपीएक्स ७' म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडूनही अपायकारक प्रमाणात पाणी आत न जाणे. संकेतात जेवढे आश्वासन असेल, त्यापलीकडे परीक्षा नेऊ नये. संकेतच नसेल, तर केवळ शिंतोड्यांची परीक्षा करावी.

पूर्वतयारी

प्रथम सेल काढून ठेवावेत. सेल आत असताना पाणी शिरल्यास धातूचे भाग गंजतात. लिथियम सेलच्या बाबतीत तर धोका अधिक असतो. नंतर झाकणाचे आटे व रबरी कडी कोरड्या फडक्याने पुसावी. कडीवर वाळूचा एक कण किंवा केस राहिला, तरी तेवढी फट पाण्यास पुरते. टीपकागदाच्या पट्टीवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे ठिपके देऊन ती पूर्ण वाळू द्यावी व सेलच्या जागी सरकवावी. पाण्याचा थेंब लागताच शाई पसरते. त्यामुळे हा कागदच खरा साक्षीदार होय. शेवटी झाकण घट्ट बसवावे.

परीक्षेच्या दोन पायऱ्या

१. शिंतोड्यांची परीक्षा : झाडांना पाणी घालण्याच्या झारीने विजेरीवर सर्व बाजूंनी ५ मिनिटे पाणी शिंपडावे. मधूनमधून बटण दाबावे. मग बाहेरून पूर्ण कोरडी करून उघडावी व कागद पाहावा.

२. बुडविण्याची परीक्षा : पहिल्या परीक्षेत उतरलेली व संकेताने बुडविण्यास योग्य ठरविलेली विजेरीच बादलीत ३० मिनिटे ठेवावी. पाणी व विजेरी यांच्या तापमानात फारसा फरक नसावा. मानकात ही मर्यादा ५ अंश आहे. उन्हात तापलेली विजेरी गार पाण्यात बुडविल्यास आतील हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढले जाते.

पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात धरून जसे बुडबुडे पाहतो, तसे येथेही पाहावे. खाचांत अडकलेली हवा प्रारंभी बाहेर पडते व थांबते. एकाच जागेतून सतत बुडबुडे आले, तर गळती तेथेच आहे असे समजावे. मात्र बुडबुडे न दिसणे हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. अंतिम निर्णय कागदानेच द्यावा.

ज्या विजेरीतील सेल काढता येत नाहीत, तिच्यावर ही परीक्षा करू नये. तिच्या चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी टोपण नीट बसते की नाही, एवढेच पाहावे. आणि ती भिजल्यास पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

निष्कर्ष व निगा

बादलीतील पाणी सुमारे ३० सेंटीमीटर खोल असते. म्हणजे तेथील पाण्याचा दाब १ मीटर खोलीवरील दाबाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असतो. म्हणून बादलीत टिकलेली विजेरी विहिरीत किंवा खाडीत टिकेलच, असे मानू नये.

कागद ओला आढळल्यास रबरी कडी तपासावी. ती चिरलेली किंवा कडक झालेली असल्यास त्याच मापाची नवी बसवावी. कडीवर सिलिकोन ग्रीसचा पातळ हात द्यावा. रॉकेल किंवा खनिज तेल लावू नये, कारण त्याने नैसर्गिक रबर फुगते व खराब होते. खाऱ्या पाण्यात भिजलेली विजेरी बंद स्थितीतच गोड्या पाण्याने धुऊन पुसावी.

रबर काळाने जीर्ण होते. त्यामुळे गतवर्षीचा निकाल यंदा लागू पडत नाही. छत्रीच्या काड्या व घराची कौले ज्या दिवसांत तपासली जातात, त्याच दिवसांत विजेरीचीही तपासणी दरवर्षी व्हावी.