सर्व्हरचे बेंचमार्क: कोणता आकडा बघायचा?

ऑनलाइन दुकान काढायचं ठरलं की वेबसाइटवाला एक तक्ता दाखवतो. हा सर्व्हर सेकंदाला ८०,००० रिक्वेस्ट घेतो, तो फक्त ५०,०००. आणि महागडा प्लॅन आपल्या गळ्यात पडतो.

आधी आपला हिशोब मांडा. दिवसाला ५०० गिऱ्हाइकं, प्रत्येकाच्या २० रिक्वेस्ट, झाल्या १०,०००. आठ तासांचे सेकंद २८,८००. म्हणजे साधारण तीन सेकंदांना एक रिक्वेस्ट! दिवाळीत पन्नासपट गर्दी झाली तरी सेकंदाला सतरा-अठरा.

मग तक्ता खोटा का? खोटा नसेलही, पण चाचणी कशाची घेतली ते विचारा. टेकएम्पॉवरच्या प्रसिद्ध चाचण्यांमध्ये 'प्लेनटेक्स्ट' नावाची एक आहे. तिथे सर्व्हरने फक्त 'हॅलो, वर्ल्ड!' पाठवायचं असतं. तुमचं दुकान मात्र डेटाबेसमधून माल, भाव, स्टॉक शोधून आणतं. वेळ जातो तो तिथे.

सरासरीने तर हमखास फसायला होतं. समजा १०० पैकी ९५ पानं ०.१ सेकंदात उघडली आणि ५ पानांना ६ सेकंद लागले. सरासरी येते ०.४ च्या आसपास. छान वाटतं ना? पण ते पाच जण कदाचित कार्ट सोडून निघून गेले. म्हणून 'पी९९' मागा, म्हणजे १०० पैकी ९९ रिक्वेस्ट किती वेळाच्या आत पूर्ण झाल्या.

तुलना करताना मशीन तीच, डेटा तोच, आणि कॅशे दोन्हीकडे चालू नाहीतर दोन्हीकडे बंद. अपाचेबेंच फुकट मिळतं. डेव्हलपरला सांगा, कार्टचं पान एकाच वेळी ५० जण उघडतायत असं करून दाखवा. चालू दुकानावर नको हं, टेस्ट कॉपीवर.