सादळलेली फुलबाजी आणि लोखंडाचा कीस

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'आयर्न फायलिंग्ज' लिहून मी बोर्डात मार्क मिळवले, पण 'कीस' म्हटलं की मला आजही बटाट्याचाच आठवतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सरांनी पोटात घालाव्यात. विषय मात्र मेकॅनिकलचा आहे आणि थोडा घरचासुद्धा.

आमचं घर कोकणात. मागच्या दिवाळीत आईने माळ्यावरून आदल्या वर्षीच्या उरलेल्या फुलबाज्या काढल्या. पूर्ण पावसाळा त्यांनी तिथेच काढला होता. बाबा म्हणाले, "सादळल्यात, दोन दिवस उन्हात ठेवा." ठेवल्या. संध्याकाळी धाकट्या भावाने एक पेटवली. पेटली खरी, पण चांदण्या काही उडेनात! नुसता धूर, आणि तारेवरून लाल निखाऱ्यासारखे गोळे टपटप खाली. त्यातला एक त्याच्या पायावर पडला आणि चांगला फोड आला.

माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. ओल तर उन्हाने गेली होती, मग चांदण्या कुठे गेल्या?

ठिणगी म्हणजे काय?

फुलबाजीच्या मसाल्यात ऑक्सिजन देणारा एक नायट्रेट क्षार, ॲल्युमिनियमची पूड, चिकटवण्यासाठी डिंकासारखा पदार्थ आणि लोखंडाचा किंवा पोलादाचा कीस असतो. चांदण्या येतात त्या या किसातून. तापलेला कण बाहेर उडतो आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळत जातो. पोलादात कार्बन जास्त असेल तर आत तयार होणाऱ्या वायूने तो वितळलेला कण फुटतो आणि ठिणगीला फांद्या फुटतात. वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर आपण हेच बघतो. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ रेषेत जातात आणि हाय कार्बन स्टीलच्या फुलासारख्या फुटतात.

आता गंज घ्या. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की तयार होतो तो लोखंडाचा जलयुक्त ऑक्साइड. म्हणजे बघा, ठिणगीतही लोखंडाचा ऑक्साइड होतो आणि गंजातही. एक क्षणात, दुसरा महिनाभरात. १ ग्रॅम लोखंडाचा पूर्ण ऑक्साइड होताना सुमारे ७.४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. गंजताना ती इतकी हळू निघते की हाताला कळत नाही. ट्रेकवाले थंडीत खिशात ठेवतात ती गरम पुडी आठवा. त्यात लोखंडाची पूड मुद्दाम भरभर गंजवलेली असते.

थोडक्यात, गंजलेला कीस हा आधीच जळून गेलेला कीस आहे. ऊन पाणी उडवतं, ऑक्साइडचं परत लोखंड करत नाही. आमच्या फुलबाज्यांचं हेच झालं होतं. दिवाळी त्यांनी माळ्यावरच साजरी केली होती!

कीसच का लवकर गंजतो?

१ सें.मी. बाजूचा लोखंडी ठोकळा घेतला तर त्याचं पृष्ठफळ ६ चौ. सें.मी. त्याचेच ०.१ मि.मी. बाजूचे बारीक ठोकळे केले तर ते १० लाख होतात आणि एकूण पृष्ठफळ ६०० चौ. सें.मी., म्हणजे जवळजवळ ए-फोर कागदाएवढं. वजन तेवढंच, पण हवेला उघडा भाग शंभरपट. त्यात शेजारी क्षार. क्षार ओल धरून ठेवतो आणि त्या ओलीत विरघळून इलेक्ट्रोलाइटचं काम करतो. गंजाचा थरही सच्छिद्र. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड अंगाला घट्ट बसून आतल्या धातूला वाचवतो, लोखंडाचा फुगून सुटतो आणि आतला भाग पुन्हा उघडा पडतो.

जुने लोक काय करत?

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या दारूकाम करणाऱ्यांनाही हीच अडचण होती. आतषबाजी खूप दिवस ठेवायची किंवा जहाजाने परदेशी पाठवायची तर कीस गंजायचा आणि चमकदार ठिणग्यांऐवजी लाल, मळकट ठिणग्या पडायच्या. (भावाच्या पायावर पडली तीच!) त्यांचे दोन उपाय होते. पहिला, किसावर वितळलेल्या गंधकाचा थर चढवणे. दुसरा, जवसाच्या तेलाचा हात दिलेल्या जाड कागदात कीस चोळणे. हा दुसरा उपाय हिवाळ्यात दोन-तीन महिने पुरे.

जवसाचंच तेल का? कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि पातळ, कोरडी साय धरते. खोबरेल तसंच ओलं राहतं. पण दोन्ही उपायांना धोका आहे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा वाळताना आपोआप तापून पेटू शकतो. आणि लोखंडाचा कीस, गंधक व पाणी एकत्र आले तर ते मिश्रणही आपणहून तापतं. फ्रान्सच्या लेमरीने १७०० साली हेच मिश्रण जमिनीत पुरून 'कृत्रिम ज्वालामुखी' मांडला होता. तेव्हा हे वाचून रूमवर प्रयोग करायला जाऊ नका!

आमचा छोटा प्रयोग

आम्ही केला तो प्रयोग साधा आणि लॅबमध्ये. जुलैत फिटिंग शॉपमधून कानशीखालचा कीस आणला आणि चार भाग केले. एक उघडा, एकावर मिठाचं पाणी शिंपडलं, एकाला जवसाचं तेल चोळलं आणि एक सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट बंद बाटलीत. मिठाचा दुसऱ्याच दिवशी तांबूस झाला आणि आठवड्यात त्याची ढेप झाली. उघडा हळूहळू करपट पडत गेला. महिन्याने लॅबच्या काकांसमोर, गॉगल घालून, प्रत्येकाची चिमूट बर्नरच्या ज्योतीवर सोडली. बंद बाटलीतल्या किसाने मस्त चांदण्या दिल्या. तेलवाल्याने आधी जरा धूर काढला, मग चांदण्या. उघड्याच्या तुरळक. मिठाचा मातीसारखा खाली पडला, एकही ठिणगी नाही.

यातून एवढं कळलं की थर पातळ हवा, आणि थरापेक्षाही कोरडी हवा महत्त्वाची. फटाक्यांचा धंदा शिवकाशीसारख्या कमी पावसाच्या भागात वाढला त्याचं एक कारण तिथली कोरडी हवा. तिथून निघालेली फुलबाजी आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवायची, हीच मुळात चूक.

म्हणून दोनच गोष्टी सांगते. फुलबाज्या त्याच दिवाळीत संपवा. उरल्याच आणि सादळल्या तर वाळवून लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि गॅसजवळ तर मुळीच नेऊ नका. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा आणि मग टाका. भावाचा फोड बरा झाला, डाग मात्र अजून आहे. या दिवाळीला मी त्याला नवीन पाकीट नेणार आहे, आणि पायात बूट घातल्याशिवाय पेटवू देणार नाही.