भाच्याच्या स्पिटफायरचा मागचा पाटा

कोल्हापूर

चि. बाळूस,

तुझ्या ट्रायम्फ स्पिटफायरचे फोटो पाहिले. रंग झकास, पण माझी नजर गेली मागच्या चाकांवर. मार्क ३ म्हणजे जुन्या पद्धतीचाच मागचा अ‍ॅक्सल. सगळे पार्ट मागवून एका शनिवारी बसवून टाकतो म्हणतोस. जरा थांब.

स्पिटफायर मी कधी चालवली नाही, पण तिची थोरली बहीण हाताखालून गेली आहे. १९६२ साली आलेली स्पिटफायर कंपनीने हेरल्डच्याच पायावर उभारली, आणि हेरल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड नावाने बनत होती. दोघींना मागे एकच आडवा पाटा, डिफ्रन्शियलच्या डोक्यावर आवळलेला. शाफ्ट मुडपतात ते फक्त डिफ्रन्शियलपाशी, चाकाजवळ सांधाच नाही. त्यामुळे मागची बाजू उचलली गेली की चाक खालून आत मुडपतं.

१९७८ च्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकाची हेरल्ड घेऊन आंबा घाट उतरत होतो. वळणात वेग जास्त वाटला म्हणून घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. शेपूट उठली, आणि रत्नागिरीला निघालेली गाडी कोल्हापूरकडे तोंड करून उभी! चूक माझीच. तुझ्या आजीला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. रस्ता कोरडा होता, हे ध्यानात घे. टायरची पकड जितकी चांगली, तितकी ही गाडी वळणात जास्त उचलली जाते. म्हणून रुंद टायर आधी घालायचा तुझा बेत मला पसंत नाही.

मद्रासवाल्यांनी गॅझेल काढली तेव्हा ही भानगडच नको म्हणून मागे सरळ एकसंध अ‍ॅक्सल टाकला. ट्रायम्फने मात्र १९७० अखेरीस आलेल्या मार्क ४ ला सुंदर युक्ती केली: एकच पान घट्ट आवळलं, बाकीची मधोमध झुलती ठेवली. आता गाडी कलली तरी पाटा तिला फारसा अडवत नाही, त्यामुळे मागचं उचललं जाणं कमी होतं. तूही तोच पाटा घाल. पण मागचा आधार कमी झाला की गाडी वळणात जास्त झुकते, म्हणून कंपनीने पुढचा अँटी-रोल बारही जाड केला होता. नुसता पाटा बदलून बार तसाच ठेवणं म्हणजे अर्धवट काम.

त्याआधी सगळे बुश बघ: पाट्याच्या टोकांचे, चाकाजवळचे, रेडियस आर्मचे. पन्नास वर्षांच्या गाडीत निम्मा दोष तिथेच निघतो. झिजलेल्या बुशवर नवा पाटा चढवलास तर काय सुधारलं आणि काय बिघडलं, तुलाच कळणार नाही. आणि एका वेळी एकच बदल. अलाइनमेंट करताना सीटवर दोन माणसांचं वजन ठेव, चाकांची वरची बाजू किंचित आत झुकलेली हवी.

एक गोष्ट दटावून सांगतो. या गाडीत चाकाला खाली जाताना शॉकअपच अडवून धरतो. जॅकचा आधार दिल्याशिवाय तो सोडलास तर पाटा हिसका मारेल. स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरायचं नाही.

चाकं काढलीस की पाट्याचा मधला भाग आणि बुश दिसतील असे फोटो पाठव. तोवर पार्टची ऑर्डर देऊ नकोस.

तुझा,
मामा