होर्वात : एका आडनावाचा प्रवास

प्रस्तावना

मराठी भाषकांमध्ये कानडे, तेलंग, परदेशी अशी आडनावे आढळतात. ती उच्चारताना त्यांच्या अर्थाकडे सहसा लक्ष जात नाही. मध्य युरोपातील हंगेरी या देशातही असेच एक आडनाव आहे. त्या आडनावाचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• 'होर्वात' या आडनावाचा अर्थ व उगम सांगता येईल;
• स्थलांतर आणि आडनाव यांचा संबंध स्पष्ट करता येईल;
• आडनावावरून माणसाविषयी काय ठरवता येत नाही, हे समजेल.

मूळ पाठ

हंगेरियन भाषेत आडनाव आधी आणि व्यक्तिनाव नंतर येते. एकोणिसाव्या शतकातील इतिहासकार मिहाय होर्वात (1809–1878) यांचे नाव त्या देशात 'होर्वात मिहाय' असे लिहितात. नॉज म्हणजे मोठा, कोवाच म्हणजे लोहार, सॉबो म्हणजे शिंपी. या आडनावांप्रमाणेच होर्वात हेही तेथील सर्वाधिक प्रचलित आडनावांपैकी एक आहे.

'होर्वात' या शब्दाचा अर्थ क्रोएट, म्हणजे क्रोएशियाचा रहिवासी. क्रोएट मनुष्य स्वतःस 'ह्र्वात' म्हणवतो; 'होर्वात' हे त्या शब्दाचे हंगेरियन रूप होय. आडनावाच्या अखेरीस रोमन लिपीत एक मूक 'एच' लिहितात. आजच्या भाषेत क्रोएट या अर्थाच्या सामान्य शब्दात तो नाही. आडनावाने मात्र जुने लेखन जपले आहे.

इ.स. 1102 पासून 1918 पर्यंत हंगेरी व क्रोएशिया बहुतांश काळ एकाच राजमुकुटाखाली होते. त्यामुळे लोकांची ये-जा होतीच. पंधराव्या-सोळाव्या शतकांत उस्मानी तुर्कांच्या स्वाऱ्या वाढल्या. 1526 मध्ये मोहाच येथील लढाईत हंगेरीच्या राजाचा पराभव झाला. गावे ओस पडली आणि असंख्य क्रोएट कुटुंबे उत्तरेकडे सरकली. पश्चिम हंगेरीत आणि आज ऑस्ट्रियात असलेल्या बुर्गेनलांड प्रांतात त्यांनी वस्ती केली. नव्या गावात शेजाऱ्यांनी आगंतुकाची ओळख एका शब्दात ठरवली : होर्वात.

याच काळात हंगेरीत आडनावे स्थिरावत होती. 1563 मध्ये कॅथलिक धर्मपरिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या ठेवण्याचा आदेश दिला. 1895 पासून शासकीय नोंदणी सुरू झाली. शेजाऱ्याने दिलेली ओळख अशा रीतीने नोंदवहीत उतरली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढील पिढ्या हंगेरियन बोलू लागल्या, तरी नाव पालटले नाही.

1918 पर्यंत हंगेरीचाच भाग असलेल्या स्लोव्हाकियातही हे आडनाव विपुल आढळते. विशेष म्हणजे खुद्द क्रोएशियातही होर्वात हे सर्वांत प्रचलित आडनाव आहे. जेथे सारेच क्रोएट, तेथे या नावाने वेगळेपण कसे दिसावे? याचे उत्तरही स्थलांतरातच आहे. हे आडनाव मुख्यतः देशाच्या उत्तर भागात एकवटले आहे. तो भाग त्या काळी स्लाव्होनिया म्हणून ओळखला जाई. दक्षिणेकडील क्रोएशियातून आलेले निर्वासित तेथेही परकेच होते.

मात्र प्रत्येक होर्वात कुटुंबाचा मूळपुरुष क्रोएटच होता, असे म्हणता येत नाही. क्रोएशियात काही काळ राहून परतलेल्या किंवा क्रोएट सरदाराच्या पदरी असलेल्या माणसालाही हे नाव पडू शके. हंगेरी व स्लोव्हाकियातील अनेक रोमा कुटुंबेही हेच आडनाव लावतात. म्हणून आडनाव हा वंशाचा दाखला नव्हे. पूर्वी कोणी कोणास कोणत्या नावाने हाक मारली, एवढेच ते सांगते. एकेकाळी परक्याला दिलेले हे नाव आज देशातील सर्वांत परिचित नावांपैकी एक ठरले आहे.

शब्दार्थ

आगंतुक – बाहेरून आलेला
ओस पडणे – निर्जन होणे
मूक – लिहिले जाते पण उच्चारले जात नाही असे (अक्षर)
पदरी असणे – चाकरीत असणे

पाठगत प्रश्न

1. क्रोएट कुटुंबे उत्तरेकडे का सरकली?
2. नोंदवह्यांमुळे आडनावांवर कोणता परिणाम झाला?
3. 'आडनाव हा वंशाचा दाखला नव्हे', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. तुमच्या परिसरातील स्थलांतर सुचवणारी दोन आडनावे शोधून त्यांचे अर्थ लिहा.