घटक ७ : वाद, विवाद, संवाद – मिंदानाओतील ख्रिस्ती मिशनकार्य

७.१ प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा अभ्यास करताना मिशनरी आणि शास्त्रीपंडित यांच्यातील जाहीर वादांची तुम्हांला ओळख झालेली आहे. १८३१ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात झालेला वाद किंवा १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेला वाद आठवून पाहा. या वादांनी मराठी गद्याला युक्तिवादाची शिस्त दिली, हे निर्विवाद आहे. मात्र दोन्ही पक्ष उभे होते ते जिंकण्यासाठी. समोरच्याचे ऐकायचे ते खोडून काढण्यापुरतेच.

प्रस्तुत घटकात आपण मिशनऱ्याला वेगळ्या भूमिकेत पाहणार आहोत. स्थळ आहे फिलिपिन्स देशाच्या दक्षिणेकडील मिंदानाओ हे मोठे बेट. तेथे ख्रिस्ती आणि मुस्लीम समाजांत दीर्घकाळ सशस्त्र संघर्ष चालू राहिला. ज्या धर्माचे लोक या संघर्षातील एक पक्ष मानले गेले, त्याच धर्माचा परदेशी प्रचारक तेथे मध्यस्थ कसा होऊ शकतो, हा आपल्यापुढील प्रश्न आहे. भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण त्याकडे शब्दांच्या वाटेने जाऊ.

प्रथम आपलेच शब्द पाहू. वाद, विवाद आणि संवाद हे तिन्ही शब्द ‘वद्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. फरक उपसर्गाचा आहे. ‘वि’ वेगळे करतो, ‘सम्’ एकत्र आणतो. (‘डायलॉग’ या शब्दातील ‘डाय’ म्हणजे ‘दोन’, असे संपर्कसत्रांत अनेक विद्यार्थी सांगतात. तसे नाही. मूळ ग्रीक ‘दिआ’चा अर्थ ‘मधून, आरपार’ असा आहे. त्यामुळे डायलॉग दोघांपुरताच असावा, असे बंधन त्या शब्दात नाही.)

७.२ ‘मोरो’ : दिलेले नाव, घेतलेले नाव

१४९२ मध्ये ग्रानादा पडले आणि स्पेनमधील मुस्लीम सत्ता संपली. त्या मुसलमानांना स्पॅनिश लोक ‘मोरो’ म्हणत. १५६५ मध्ये लेगास्पीच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समध्ये ठाण मांडले. पृथ्वीच्या या दुसऱ्या टोकालाही त्यांना मुसलमान भेटले, आणि जुन्या शत्रूचे तयार नाव त्यांनी या नव्या लोकांना चिकटवून टाकले. दक्षिणेतील मरानाओ, मागिंदानाओ, ताउसुग अशा भिन्न भाषा बोलणाऱ्या समाजांची मग एकाच शब्दात बोळवण झाली. पुढे शतकानुशतके हा शब्द हेटाळणीनेच उच्चारला गेला.

१९७० च्या दशकात मुस्लीम तरुणांनी हाच शब्द अभिमानाने स्वतःकडे घेतला. त्यांच्या संघटनेचे नाव होते ‘मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंट’. आपल्या समाजाला ते ‘बांग्सामोरो’ म्हणू लागले. यातील ‘बांग्सा’ हा मलय भाषाकुलातून आलेला शब्द म्हणजे आपल्या परिचयाचा संस्कृत ‘वंश’. स्पॅनिश शिवी आणि संस्कृत वंश यांच्या जोडातून एका राष्ट्रभावनेचे नाव घडले, ही गोष्ट शब्दार्थपरिवर्तनाच्या पाठात कोणताही अध्यापक आनंदाने सांगेल.

येथे सावध राहायला हवे. हा संघर्ष श्रद्धेवरून पेटला असे मानणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. त्याच्या मुळाशी जमीन होती. विसाव्या शतकात, आधी अमेरिकी राजवटीने आणि नंतर स्वतंत्र फिलिपिन्सच्या शासनाने, उत्तरेकडील बेटांवरील शेतकऱ्यांना मिंदानाओत वसण्यास उत्तेजन दिले. वहिवाटीने जमीन कसणाऱ्या मुस्लीम व आदिवासी समाजांकडे कागद नव्हते. नव्याने येणाऱ्यांकडे ते होते, किंवा ते मिळवण्याची वाट त्यांना ठाऊक होती. जुने रहिवासी आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले. नवे वसाहतकार बहुसंख्येने ख्रिस्ती असल्यामुळे जमिनीच्या तंट्यावर धर्माचा अंगरखा चढला. सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि तंट्याचे युद्ध झाले.

७.३ ‘सिलसिला’

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांविषयीचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. मुसलमानांशी झालेले जुने कलह मागे टाकून परस्परांना समजून घ्यावे, असे आवाहन त्यात होते. रोममधील कागद मिंदानाओच्या गावात उतरवणे हे मात्र निराळे काम होते.

सेबास्तियानो दांब्रा हे इटालियन धर्मगुरू १९७७ मध्ये फिलिपिन्सला आले. मुस्लीम बंडखोर आणि शासन यांच्यात मध्यस्थी करताना त्यांच्या जिवावर बेतले आणि काही काळ त्यांना देश सोडावा लागला. १९८४ मध्ये झाम्बोआंगा शहरात ख्रिस्ती आणि मुस्लीम मित्रांसमवेत त्यांनी एक चळवळ सुरू केली. तिचे नाव ‘सिलसिला’.

हा शब्द तुम्हांला समजावून सांगावा लागत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ साखळी. सूफी पंथात गुरूपासून शिष्याकडे चालत आलेल्या परंपरेला सिलसिला म्हणतात. दक्षिण फिलिपिन्समधील सुलतानांच्या वंशावळींना ‘तारसिला’ म्हणतात, तेही याच शब्दाचे रूप. एका ख्रिस्ती धर्मगुरूने पुढाकार घेतलेल्या चळवळीचे नाव लॅटिन वा स्पॅनिश नाही, तर समोरच्या समाजाच्या धार्मिक परंपरेतील आहे. माझ्या मते त्या चळवळीची अर्धी भूमिका या नावातच सांगून झाली आहे. उरलेली भूमिका तिच्या अभ्यासवर्गांतून दिसते. तेथे ख्रिस्ती आणि मुस्लीम स्त्रीपुरुष एकत्र राहून एकमेकांच्या धर्माचा परिचय करून घेतात. आपली श्रद्धा न सोडता आणि दुसऱ्याने ती सोडावी अशी अपेक्षा न ठेवता संवाद करायचा, हे येथील तत्त्व.

७.४ ‘मरातब’

रूफस हॅली हे आयरिश मिशनरी १९६९ मध्ये धर्मगुरू झाले आणि फिलिपिन्सला गेले. पुढे त्यांनी मिंदानाओतील मुस्लीमबहुल प्रदेशात राहण्याचे ठरवले आणि मरानाओ भाषा आत्मसात केली.

या भाषेतील दोन शब्द ध्यानात घ्या. ‘रिदो’ म्हणजे दोन कुळांमधील पिढ्यान्‌पिढ्या चालणारे सूडाचे वैर. आपल्या ‘भाऊबंदकी’शी ते ताडून पाहण्याचा मोह होतो, पण भाऊबंदकी एकाच कुळात असते, रिदो दोन कुळांत. दुसरा शब्द ‘मारातबात’. कुळाची प्रतिष्ठा असा त्याचा अर्थ. मराठीत आपण ‘मानमरातब’ म्हणतो, तो मरातब आणि हा मारातबात एकाच अरबी मुळाचे. मात्र मराठीत हा शब्द सत्कारसमारंभापुरता उरला आहे. मरानाओत त्याच्यासाठी आजही रक्त सांडते.

रिदो मिटवायचा तर दोन्ही कुळांचा मारातबात राखणारा मध्यस्थ लागतो. नातलग असलेला माणूस एका बाजूचा ठरतो. हॅली कोणाच्याच कुळाचे नव्हते, आणि सन्मान कोठे दुखावतो हे कळण्याइतकी भाषा त्यांना येत होती. मलाबांग परिसरात दोन मुस्लीम कुळांमधील वैर मिटवण्यात त्यांचा वाटा होता. त्यांचे परकेपण, जे एरवी मिशनऱ्याचे वैगुण्य ठरते, तेच येथे उपयोगी पडले. भाषा न शिकता आलेला परका मात्र अशा बैठकीत निरुपयोगीच असतो.

२८ ऑगस्ट २००१ रोजी एका आंतरधर्मीय बैठकीहून मोटारसायकलने परतताना बंदूकधाऱ्यांनी त्यांची हत्या केली. तत्पूर्वी २० मे १९९२ रोजी दांब्रा यांचे सहकारी साल्व्हातोरे कार्त्सेद्दा यांची झाम्बोआंगात हत्या झाली होती. तेही सिलसिलाच्या अभ्यासवर्गाहून परतत होते.

७.५ संवादाच्या मर्यादा

या कार्यावर दोन्हीकडून संशय घेतला गेला. संवाद म्हणजे धर्मांतराचा मऊ मुखवटा, असे काही मुसलमानांना वाटले. संवाद म्हणजे शरणागती, असे काही ख्रिश्चनांना वाटले. पहिला संशय इतिहास पाहता अनाठायी म्हणता येत नाही. तो शब्दांनी नव्हे, तर वर्षानुवर्षे शेजारी राहूनच कमी होतो.

१९९६ मध्ये बिशप आणि उलेमा यांचे संयुक्त व्यासपीठ स्थापन झाले. २०१४ मध्ये शासन आणि मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट यांच्यात सर्वंकष करार झाला आणि २०१९ मध्ये बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. हे करार मुख्यतः राजकीय वाटाघाटींचे फळ आहेत. त्यांचे श्रेय मिशनऱ्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. जमिनीचा प्रश्न तर अभ्यासवर्गांत सुटण्यासारखा नव्हताच. पण २०१७ मध्ये अतिरेक्यांनी मारावी शहर ताब्यात घेतले, तेव्हा अनेक मुस्लीम कुटुंबांनी ख्रिस्ती कामगारांना घरात लपवले आणि त्यांना वाट काढून दिली. ख्रिस्ती स्त्रियांच्या डोक्यावर त्यांनी आपली शिरोवस्त्रे बांधली आणि तपासनाक्यावर काय म्हणायचे हे त्यांना शिकवले.

सरावासाठी

१. आपल्या परिसरात बांधाच्या किंवा भाऊबंदकीच्या तंट्यात मध्यस्थ म्हणून कोणाला बोलावतात, याची चौकशी करा. तो बोलताना दोन्ही पक्षांचा मान राखणारे कोणते शब्दप्रयोग वापरतो, ते त्याच्याच बोलीत लिहून काढा.

२. हेटाळणीसाठी वापरले गेलेले आणि नंतर त्या समाजाने अभिमानाने स्वीकारलेले एखादे नाव तुम्हांला ठाऊक आहे काय? त्याचा प्रवास दहा ओळींत लिहा.