हरवलेला मासा आणि तर्कशास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थिनीने माशांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु वर्गात पाठ केलेले तर्कशास्त्राचे नियम मला खऱ्या अर्थाने उमगले ते काकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपाशी. म्हणून हा लेखनप्रपंच.

टाकी सुमारे २०० लिटरची. आपल्या समुद्रातील खडक बांधणारी प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली संरक्षित आहेत. ती काढून आणणे गुन्हा आहे. म्हणून काकांनी सिरॅमिकचे खडक रचले आहेत व त्यांवर थोडी मऊ प्रवाळे वाढवली आहेत. रहिवासी म्हणजे क्लाउनफिशची जोडी, शंखात राहणारा एक खेकडा, काही गोगलगायी आणि एक फायरफिश. एका बुधवारी सकाळी हा फायरफिश दिसेना. काकांनी तत्काळ निकाल दिला, “खेकड्यानेच खाल्ला. आजच काढतो त्याला!”

येथेच पहिली चूक होते. मासा दिसत नाही, एवढ्यावरून तो मेला असे सिद्ध होत नाही. आणि मेला असला तरी जो त्याला खातो तोच मारेकरी ठरत नाही. खेकडे, गोगलगायी व वाळूतील केसाळ किडे हे मुख्यतः मेलेले खाणारे. लहान माशाचे प्रेत ते एका रात्रीत फस्त करू शकतात. तेव्हा प्रेतावरच्या जखमा मरणापूर्वीच्या की नंतरच्या, हा प्रश्न नेहमी शिल्लक राहतो.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम टाकीबाहेर पाहावे. फायरफिश घाबरला की उसळी मारतो, हा त्याचा स्वभावच आहे. जमीन, टाकीची मागची बाजू, पाणी उतरण्याचा कप्पा व गाळणीची पिशवी तपासावी. त्यानंतर खाणे घालतेवेळी व दिवे मालवल्यावर लाल उजेडात कपारी न्याहाळाव्यात. बिथरलेला मासा काही दिवस दडूनही बसतो. लगेच खडक उपसू नयेत. त्याने प्रवाळे दुखावतात, साचलेला गाळ पाण्यात मिसळतो आणि उरलेले मासेही भेदरतात.

त्याचबरोबर पाण्याची परीक्षा करावी. प्रेत कुजले की अमोनिया सुटतो. जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. पाण्याचा पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक. आणि प्रवाळांच्या टाकीत तो ८.२ च्या आसपास असतो. अमोनिया आढळल्यास, तेच तापमान व तीच क्षारता असलेले नवे पाणी घालून सुमारे पाव भाग पाणी बदलावे. मात्र अमोनिया शून्य आला म्हणून प्रेत नाहीच, असे म्हणता येत नाही. जुनी, मुरलेली टाकी लहान माशाचा भार निमूटपणे पचवते.

प्रेत सापडले तर ते जाळीने ताबडतोब बाहेर काढावे, कल्ले व त्वचा पाहावी, आणि मग जिवंत माशांकडे वळावे. त्यांचा श्वास जलद चालला आहे काय? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत काय? तसे असल्यास क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचा संशय घ्यावा. अशा वेळी सर्व मासे वेगळ्या टाकीत हलवून तेथे उपचार करावेत व मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी. यजमान न मिळाल्याने परजीवी संपतो. तांब्याचे औषध मुख्य टाकीत कदापि घालू नये, कारण ते खेकडे, गोगलगायी व प्रवाळे यांचाच बळी घेते. मेलेला मासा नदीत वा खाडीत टाकू नये, मातीत पुरावा.

आमच्या शोधात अमोनिया शून्य निघाला. क्लाउनफिश खुशाल होते. माझे लक्ष मात्र भिंतीच्या कडेने चाललेल्या लाल मुंग्यांच्या रांगेकडे गेले. ती टाकीखालच्या कपाटामागे जात होती. तेथे फायरफिश वाळून पडला होता.

आता एकच प्रश्न उरला : टाकीवर जाळी असताना तो बाहेर आला कसा? त्याचे उत्तर घरात फक्त मला ठाऊक होते. मंगळवारी रात्री खाणे घालून झाल्यावर मी जाळी पुन्हा बसवली नव्हती. काका तर खेकड्यासाठी बादली घेऊन उभे होते. गप्प राहिले असते तर कोणाला कळलेही नसते. मी म्हटले, “काका, खेकडा निर्दोष आहे. जाळी मी उघडी ठेवली.”

काका काही वेळ बोलले नाहीत. मग बादली खाली ठेवून म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. नाहीतर उद्या दुसरा मासा आणला असता आणि तोही गेला असता.”

कारण चुकीचे ठरवले तर उपायही चुकतो, हे वाक्य मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. जाळी आता रोज मीच बसवते आणि खेकडा अजून टाकीत आहे.